हिंगण्याची छोटी टेक कंपनी: नफा वाढला, भाव पडला, आता प्रमोटरला वॉरंट. एजीएममध्ये मत कसं द्यावं?

धरमपेठ_डीमॅट

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही आणि आकडेही गोल केलेत. नाव दिलं की चर्चा पाच मिनिटांत 'टार्गेट किती'वर जाते.

ऑफिस आणि छोटी असेंब्ली हिंगणा एमआयडीसीत. धंदा म्हणजे पाण्याच्या मीटरचं दुरून रीडिंग, कचऱ्याच्या गाड्यांना जीपीएस आणि नियंत्रण कक्षाचं सॉफ्टवेअर. गिऱ्हाईक जवळपास सगळं सरकारी. डिसेंबर 2022 मध्ये एनएसई इमर्जवर (छोट्या म्हणजे एसएमई कंपन्यांच्या बाजारात) 90 रुपयांनी आली. 30 लाख नवे शेअर विकून 27 कोटी उभे केले, लॉट (एका वेळी घ्यायचा-विकायचा गठ्ठा) 1,200 चा. 2024 च्या उन्हाळ्यात 310 दाखवला, आता 118 आहे. एकूण शेअर 1.12 कोटी, दर्शनी किंमत 10, त्यातले प्रमोटरकडे 66 लाख, म्हणजे 58.9 टक्के.

2022-23, 2023-24, 2024-25 या क्रमाने, कोटीत:
विक्री 38, 61, 74
निव्वळ नफा 4.1, 7.2, 8.6
येणी 14, 31, 52
बँकेचं कर्ज 6, 13, 24
कामकाजातून आलेली रोख 1.2, उणे 5.8, उणे 9.4

दीड वर्षात दोन सीएफओ गेले. ऑडिटरने मुदत संपायच्या आधीच राजीनामा दिला. एका संचालकाच्या भावाच्या फर्मकडून यंदा 6.9 कोटींचा माल घेतलाय. विश्लेषकांसाठी कॉल वगैरे काही नाही. आणि आता एजीएमच्या (वार्षिक सभेच्या) नोटिशीत विशेष ठराव आहे: प्रमोटरना 125 रुपयांनी 12 लाख वॉरंट (ठरल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क).

भाव पडला तो बाजारामुळे की मॅनेजमेंटमुळे? वॉरंटच्या ठरावाला मत काय द्यावं? आणि बाहेरच्या भागधारकांना सभेत आरडाओरडा करण्यापलीकडे काही करता येतं का? ज्यांना ताळेबंद आणि कायदा कळतो त्यांनी लिहावं.

ऑडिटवाली

आधी भावाचं बघू. 310 ला बाजारमूल्य 347 कोटी होतं, म्हणजे तेव्हाच्या 7.2 कोटी नफ्याच्या 48 पट. आज ते 132 कोटी आहे, 8.6 च्या साधारण साडेपंधरा पट. नफा वाढून भाव पडला यात गूढ काही नाही, लोक द्यायला तयार असलेली पट उतरली. त्यातला काही भाग बाजाराचा आहेच. मार्च 2024 मध्ये सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी एसएमई भागात भाव फुगवल्याच्या खुणा दिसतात असं जाहीर सांगितलं. त्याच ऑगस्टमध्ये सेबीने गुंतवणूकदारांना सावध करणारं पत्रक काढलं. सप्टेंबरनंतर छोटे शेअर सरसकट उतरले. पण बाजार सावरला तरी तुमचा शेअर 48 पटीला परत जाईल असं समजू नका, कारण कंपनीचा आजार रोखीचा आहे.

तीन वर्षांचा नफा मिळून 19.9 कोटी. त्याच तीन वर्षांत कामकाजातून आलेली रोख उणे 14 कोटी. म्हणजे कागदावर जेवढं कमावलं ते सगळं आणि वर 14 कोटी येणी, साठा वगैरेत अडकले. विक्री 36 कोटींनी वाढली आणि येणी 38 कोटींनी. येणी वसूल व्हायचे दिवस 134 वरून 186 आणि आता 256 झाले. ही घसरण एका वाईट तिमाहीची नाही.

आता वार्षिक अहवालात काय उघडायचं ते सांगते. येण्यांच्या टिपेत वयानुसार तक्ता असतो. 2021-22 पासून तो सक्तीचा आहे: सहा महिन्यांच्या आतलं, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या वर. वय बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, पैसे द्यायच्या मुदतीपासून मोजतात. म्हणून तक्त्यात 'एक वर्ष' दिसलं तर बिल त्याहून जुनं धरायचं. अनबिल्ड (अजून बिल न केलेली) रक्कम वेगळी दाखवायची असते, ती 'इतर चालू मालमत्ता'त लपलीय का तेही बघा. तो तक्ता इथे टाका, अर्धं उत्तर त्यातच आहे.

एसएमईवरच्या कंपन्यांना इंड-एएस (नवी हिशेब मानकं) लागू नाही, जुनीच मानकं चालतात. त्यामुळे अपेक्षित तोट्याची तरतूद करायचं बंधन तितकं काटेकोर नाही. बुडीत किती धरायचं ते बरंचसं मॅनेजमेंटच्या मनावर असतं. म्हणून तरतुदीचा आकडा लहान दिसला तर हायसं वाटून घेऊ नका.

ऑडिटरच्या अहवालाला जोडलेलं कारो 2020 चं (ऑडिटरने कशाकशावर लिहायचं त्या सरकारी आदेशाचं) परिशिष्ट ओळ न ओळ वाचा. बँकेची मर्यादा 5 कोटींच्या वर असेल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं पुस्तकांशी जुळतात का, हे कलम दोनच्या 'ब'मध्ये लिहावं लागतं. कर्ज 24 कोटी आहे, म्हणजे हे कलम लागू आहेच. तिथे फरकाचा तक्ता असेल तर तो कोणत्या बाजूला आहे ते बघा. बँकेला येणी जास्त दाखवून पुस्तकात कमी असतील तर सरळ लाल बावटा. आयपीओचे पैसे सांगितलेल्या कामाला लागले का ते कलम दहाच्या 'अ'मध्ये, आणि ऑडिटर सोडून गेला असेल तर त्याच्या हरकती नव्याने विचारात घेतल्या का ते कलम अठरामध्ये.

गेलेल्या ऑडिटरने कंपनी निबंधकाकडे एडीटी-3 फॉर्म भरलेला असणार, त्यात कारण द्यावं लागतं. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर 100 रुपये भरून कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं पाहता येतात. 'इतर कामाच्या व्यापामुळे' एवढंच लिहिलं असेल तर त्यातून काही कळत नाही. माहिती मिळाली नाही म्हणून सोडलं असं लिहिलं असेल तर मग बाकी काही वाचायची गरज नाही.

भावाच्या फर्मकडची खरेदी. 6.9 कोटी म्हणजे यंदाच्या विक्रीच्या 9.3 टक्के, दहाच्या आत, असं कंपनी सांगेल. कंपनी कायद्याच्या कलम 188 खालची 10 टक्क्यांची मर्यादा मात्र आदल्या वर्षाच्या लेखापरीक्षित उलाढालीवर मोजतात. 61 कोटींवर ती 11.3 टक्के होते. ठराव न घेता हे करायचं असेल तर व्यवहार नेहमीच्या धंद्यातला आणि बाजारभावाने झालाय असं कंपनीला म्हणावं लागेल. संचालक मंडळाच्या अहवालाला जोडलेला एओसी-2 (संबंधितांशी झालेल्या व्यवहारांचा फॉर्म) उघडून बघा त्यांनी काय म्हटलंय.

टेंडरवाला_वर्धारोड

ताई, आकडे बरोबर आहेत, पण राजेहो, सरकारी कामाची येणी किराणा दुकानाच्या मापाने मोजू नका. बाजू मॅनेजमेंटची घेत नाही, पैसे कसे निघतात ते सांगतो.

बहुतेक निविदांत पैसे टप्प्याने मिळतात. माल पोचला की काही भाग, बसवला की काही, यंत्रणा सुरू झाल्याचा दाखला मिळाला की काही, आणि शेवटचे टक्के देखभालीच्या पाच वर्षांत तुकड्या-तुकड्याने. त्यावर कामगिरीची बँक गॅरंटी, आणि तिच्यासाठी बँकेत अडकलेली एफडी. बिल टाकलं की जागेवरची तपासणी, मोजमाप पुस्तकात नोंद, मग लेखा शाखा, मग ऑडिट, मग 'निधी उपलब्ध नाही'. केंद्र किंवा राज्याच्या योजनेचा हप्ता आला नाही तर अधिकारी कितीही भला असो, चेक निघत नाही. मार्चमध्ये पैशांचा पाऊस पडतो तेवढाच.

म्हणून वर्षाच्या विक्रीवर दिवस काढणं या धंद्यात थोडं फसवं आहे. विक्रीची सहामाही फोड बघा. पहिल्या सहा महिन्यांत 24 आणि दुसऱ्यात 50 असं असेल (या धंद्यात असतंच) तर 31 मार्चला येणी फुगलेली दिसणारच. 50 कोटींवर मोजलं तर 52 कोटी म्हणजे 189 दिवस. वाईटच आहे, पण 256 नाही. शिवाय 10 टक्के राखीव रक्कम धरा. तीन वर्षांची विक्री 173 कोटी, तिचे 17 कोटी तसेच सरकारकडे पडून राहतात. ते बुडीत नसतात.

आता जिथे खरंच पैसा जातो ते सांगतो, यावर सभेत विचारा. मीटरमधल्या एम-टू-एम (यंत्रातून डेटा पाठवणाऱ्या) सिमचं रिचार्ज थकलं की डेटा थांबतो. बॅटरी वेळेआधी बसते. गाडीतलं जीपीएस ड्रायव्हर काढून ठेवतो, कारण डिझेलचा हिशेब लागतो. करारात चालू राहण्याचं प्रमाण समजा 98 टक्के लिहिलंय आणि प्रत्यक्षात 85 भरलं, की खातं बिलातून दंड कापतं. कंपनीच्या पुस्तकात मात्र पूर्ण बिल उभं असतं. तो फरक कधीच येत नाही. दुसरं म्हणजे सुरू झाल्याचा दाखला. तो मिळायच्या आधीच विक्री पकडली असेल तर बिल 'वादग्रस्त' होतं. वयाच्या तक्त्यात वादग्रस्त येणी वेगळी दाखवायची असतात. ती शून्य लिहिली असतील तर मला शंका येईल. दोन-चार पालिकांची कामं करणाऱ्याकडे एकही वाद नाही, हे होत नसते भाऊ.

वॉरंटबद्दल माझं मत वेगळं आहे. बँका नव्वद दिवसांच्या, फार तर एकशेऐंशी दिवसांच्या आतली येणीच आहरणासाठी धरतात, तीही 25 टक्के मार्जिन कापून. जुनी येणी वाढली की बँकेतून पैसे काढायची ताकद आटते आणि पुढच्या कामाचा माल घ्यायला पैसे राहत नाहीत. अशा वेळी प्रमोटर बाजारभावापेक्षा 7 रुपये जास्त देऊन 15 कोटी घालतोय तर त्यात वाईट काय?

धरमपेठ_डीमॅट

सहामाहीचा अंदाज बरोबर निघाला, 24 आणि 50 च आहे. वयाचा तक्ता: सहा महिन्यांच्या आत 27, सहा महिने ते एक वर्ष 8, एक ते दोन वर्षं 11, दोन ते तीन 5, तीनच्या वर 1. वादग्रस्त शून्य. बुडिताची तरतूद 40 लाख. कारोमध्ये बँकेच्या विवरणात फरक दाखवलाय, 'तात्पुरत्या आकड्यांमुळे' असं स्पष्टीकरण.

ऑडिटवाली

टेंडरवाला भाऊ, सहामाहीची दुरुस्ती मान्य. राखीव रकमेची नाही. राखीव रकमेची मुदत दोषदायित्वाचा काळ संपल्यावर येते. तोवर ती 'थकीत' नसतेच, मग एक वर्षाच्या वरच्या रकान्यात कशी बसेल? तुमचे 17 कोटी आणि तक्त्यातले एक वर्षावरचे 17 कोटी जुळतात हा योगायोग आहे. आणि खरंच तीच रक्कम असेल तर तक्ता चुकीचा बनवलाय. दोन्हीपैकी एक उत्तर कंपनीला द्यावं लागेल. सभेतला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, कारण त्याला 'आमची मोठी पाइपलाइन आहे' हे उत्तर चालत नाही.

आणि हे बघा. मार्च 2024 ला येणी 31 कोटी होती. त्यातली किमान 17 अजून उभी आहेत. म्हणजे अख्ख्या वर्षात जुन्या येण्यांपैकी जास्तीत जास्त 14 कोटी वसूल झाले. नवं बिल मात्र 74 कोटींचं फाडलं. वसुलीची टीमच नाही की वसूल होण्यासारखं बिलच नाही, एवढाच प्रश्न उरतो.

दोन वर्षांवरची 6 कोटी बुडीत धरली तर काय होतं? 25.17 टक्क्यांचा कर धरून नफा साधारण 4.5 कोटींनी घटतो, उरतो 4.1. शेअरमागे 3.67 रुपये. मग 118 रुपयांचा भाव साडेपंधरा पट नाही, 32 पट आहे. 'पडला म्हणून स्वस्त' म्हणणाऱ्यांनी आधी हे गणित करावं.

आणखी एक ओळ बघा: 'विकासाधीन अमूर्त मालमत्ता'. सॉफ्टवेअर कंपन्या पगाराचा खर्च तिथे नेऊन ठेवतात आणि नफा वाचवतात. हिशेब मानक 26 त्याला परवानगी देतं, पण संशोधनाचा टप्पा संपून उत्पादन विकण्याजोगं होईल हे दाखवता आलं तरच. दरवर्षी ती रक्कम वाढतेय आणि त्यातलं काहीच वापरात येत नाही, असं असेल तर तो खर्चच आहे. बाहेरच्या विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेतलं असेल तर विक्रेता कोण ते शोधा. नियंत्रण कक्षाच्या सॉफ्टवेअरसाठीच पैसे मागणाऱ्या ट्रॅफिकसोल आयटीएस टेक्नॉलॉजीजच्या एसएमई आयपीओत विक्रेता कागदी निघाला आणि डिसेंबर 2024 मध्ये सेबीने गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. तुमची कंपनी तशी आहे असं मी म्हणत नाही. तपासायचं कुठे, एवढंच सांगतेय.

सीएस_रामदासपेठ

वॉरंट आणि मतांचा हिशेब.

'7 रुपये जास्त देतोय' हे अर्धसत्य आहे. वॉरंटला आज 25 टक्केच भरायचे असतात. 12 लाख गुणिले 125 म्हणजे 15 कोटी, त्यातले आज 3.75 कोटी. उरलेले 11.25 कोटी भरायला 18 महिने. भाव 200 झाला तर प्रमोटर पैसे भरेल, 80 झाला तर 3.75 कोटी सोडून देईल. बँकेची निकड आज आहे आणि पैसा कदाचित दीड वर्षाने येणार, म्हणून टेंडरवाला भाऊंचा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. निकड खरी असेल तर प्रमोटरने वॉरंट न घेता सरळ पूर्ण पैसे भरून शेअर घ्यावेत. सभेत हाच प्रस्ताव शब्दशः मांडा.

सगळी वॉरंट शेअरमध्ये गेली तर प्रमोटर 66 वरून 78 लाखांवर, एकूण 1.24 कोटींपैकी 62.9 टक्के. चार टक्क्यांची वाढ. वर्षाला पाच टक्क्यांपर्यंत ओपन ऑफरशिवाय (बाकीच्यांचे शेअर घ्यायची जाहीर तयारी न दाखवता) वाढवता येतं, म्हणून आकडा 12 लाखच का, हे कळतं.

नोटिशीच्या स्पष्टीकरणात तीन गोष्टी शोधा. किमान भाव म्हणजे 90 व्यवहार दिवसांची सरासरी आणि 10 व्यवहार दिवसांची सरासरी यांपैकी जी जास्त ती, तारीख सभेच्या 30 दिवस आधीची. पण गेल्या 240 व्यवहार दिवसांत एकूण शेअरच्या 10 टक्के तरी उलाढाल झाली असेल तरच हे सूत्र चालतं, नाहीतर मूल्यांकन. दुसरं, वाटप नंतरच्या भांडवलाच्या 5 टक्क्यांवर जात असेल तर स्वतंत्र नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतोच. इथे ते 9.7 टक्के आहे. तो कंपनीच्या वेबसाइटवर असायला हवा. नसेल तर ठरावच कच्चा. तिसरं, प्रमोटर गटातल्या कुणी त्या तारखेच्या आधीच्या 90 व्यवहार दिवसांत एकही शेअर विकला असेल तर अख्खा प्रमोटर गटच पात्र नाही. एक्स्चेंजच्या साइटवर इनसायडर ट्रेडिंगच्या खुलाशांत हे पाच मिनिटांत दिसतं. प्रमोटरच्या नातेवाइकांची नावंही बघा, चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

पैसे कशाला वापरणार ते मोघम लिहिलेलं असतं, आणि 100 कोटींच्या आतल्या वाटपावर देखरेख संस्था नसते. 'खेळतं भांडवल' एवढ्यावर समाधान मानू नका. किती रक्कम, कोणत्या कामासाठी, कधी, हे विचारा.

मतं. विशेष ठरावाला 'विरोधी मतांच्या तिप्पट' अनुकूल मतं लागतात. प्रमोटर स्वतःच्या वॉरंटवर मत देऊ शकतात. त्यांची 66 लाख धरली तर ठराव पाडायला 22 लाखांच्या वर विरोधी मतं हवीत, म्हणजे 1,834 लॉट. बाहेरच्या 46 लाखांपैकी जवळपास निम्मे. अवघड आहे, अशक्य नाही. आयपीओच्या आधीचे 16 लाख शेअर ज्यांच्याकडे होते त्यांनी ते विकले की अजून धरून आहेत, ते शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये बघा. तीन-चार मोठी नावं पटली तर बाकीचं जमतं.

नोटिशीत ई-मतदान दिलंय का, हे आजच तपासा. दिलं नसेल तर हात वर करून ठराव होतो, आणि तिथे एक माणूस एक हात, शेअर कितीही असोत. कर्मचारी भागधारकांनी भरलेल्या सभागृहात तुम्ही हरणार. तेव्हा अध्यक्षांकडे लगेच पोलची (शेअरच्या संख्येनुसार मतदानाची) मागणी करायची. 10 टक्के मतं किंवा 5 लाख रुपये भरणा झालेले शेअर असणाऱ्यांना तो हक्क आहे. दर्शनी 10 ने 50,000 शेअर, म्हणजे 42 लॉट. सगळे एकत्र सही करून द्या. येता येत नसेल तर प्रॉक्सीचा फॉर्म एमजीटी-11 सभेच्या 48 तास आधी पोचवा. प्रॉक्सीला बोलता येत नाही, पोलमध्ये मत देता येतं. एक माणूस 50 पेक्षा जास्त सभासदांचा प्रॉक्सी होऊ शकत नाही.

'विशेष सभा बोलावू' असं म्हणणाऱ्यांसाठी: कलम 100 खाली 10 टक्के लागतात, 11.2 लाख शेअर, 934 लॉट. अर्ज मिळाल्यापासून 21 दिवसांत मंडळाने सभा बोलवायची आणि ती 45 दिवसांच्या आत व्हायला हवी. नाही केलं तर अर्जदार तीन महिन्यांत स्वतः घेऊ शकतात. 2021 मध्ये इन्व्हेस्कोने झी एंटरटेनमेंटकडे अशीच मागणी केली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी आधी रोखली, मार्च 2022 मध्ये खंडपीठाने तो आदेश फिरवला. झीमध्ये इन्व्हेस्कोकडे जवळपास 18 टक्के होते. तुमच्याकडे विखुरलेले लॉट आहेत.

मला जास्त कामाचं कलम 151 वाटतं: लहान भागधारकांचा संचालक. ज्यांच्या शेअरची दर्शनी रक्कम 20,000 पर्यंत आहे असे 1,000 जण, किंवा अशा भागधारकांच्या एक दशांश, जे कमी असेल ते, 14 दिवस आधी नोटीस देऊ शकतात. गंमत बघा, एक लॉटवाला 12,000 चा, म्हणजे 'लहान'. दोन लॉटवाला 24,000 चा, तो बाहेर. म्हणून सह्या गोळा करताना एक लॉटवाल्यांनाच शोधा. निवडणूक किंवा नियुक्ती करायची की नाही यात कंपनी चालढकल करते, पण लेखी नोटीस गेली की मंडळाच्या नोंदीत प्रश्न बसतो.

आणि कृपया 'नागपूर खंडपीठात टाकू' असं लिहू नका. दडपशाही-गैरव्यवस्थापनाचा अर्ज एनसीएलटीकडे (कंपनी न्यायाधिकरणाकडे), मुंबईला जातो. त्यालाही 100 सभासद, किंवा एकूण सभासदांचा एक दशांश, यांतलं कमी ते, किंवा 10 टक्के भांडवल लागतं. त्याआधी सेबीच्या स्कोअर्सवर (तक्रारींच्या पोर्टलवर) तक्रार करा. कंपनीला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'भाव पडला' ही तक्रार होत नाही. 'मूल्यांकन अहवाल वेबसाइटवर नाही, नोटीस अमुक तारखेची' ही होते.

बर्डीचा_बैल

सगळं खरं, पण विकायचं असेल तर निघणार कसे? डिसेंबर 2025 ला लिस्टिंगची तीन वर्षं भरतात. मार्केट मेकरची सक्ती तेवढीच असते. तो दिवसाच्या 75 टक्के वेळ दोन्ही बाजूंना भाव लावून बसतो म्हणून आज स्क्रीनवर काहीतरी दिसतं. तो उठला की खरेदीचा रकाना रिकामा. त्याच महिन्यात प्रमोटरच्या किमान 20 टक्के शेअरवरचा तीन वर्षांचा लॉक-इनही (विक्रीबंदीही) सुटतो. दोन्ही एकदम.

रोज सरासरी किती लॉट फिरतात ते महिनाभराचं काढा. सहा लॉट फिरत असतील आणि तुमच्याकडे दहा असतील, तर एका दिवसात विकायला जाऊ नका, स्वतःच भाव पाडाल. 2023 च्या ऑक्टोबरपासून एएसएम (जादा देखरेख) आणि ट्रेड-टू-ट्रेडची (त्याच दिवशी घेऊन विकता न येण्याची) चौकट एसएमईलाही आहे. तिथे गेला की 5 टक्क्यांचा पट्टा, लोअर सर्किट लागलं की रांगेत उभे राहा.

मेनबोर्डला (मुख्य बाजारात) जाईल म्हणून थांबणाऱ्यांना: 10 कोटींवर भांडवल आहे, मार्ग उघडा आहे, पण बाहेरच्या भागधारकांची अनुकूल मतं विरोधी मतांच्या दुप्पट लागतात आणि एक्स्चेंजच्या अटी वेगळ्या. या रोखप्रवाहावर मी तरी त्या आशेवर थांबणार नाही. 280 ला घेतलेल्यांना लॉटमागे 1,94,400 चा तोटा आहे. वर्षावर धरला असेल तर तो दीर्घकालीन, फक्त दीर्घकालीन नफ्याशी वजा होतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच.

टेंडरवाला_वर्धारोड

ताईंचा राखीव रकमेचा मुद्दा मान्य. वॉरंटऐवजी सरळ शेअर, हेही ठीक. फक्त एक: सभेत चोर-चोर करू नका. तसं झालं की एमडी भाषण करतात आणि वेळ संपते. खात्यानुसार यादी मागा: सगळ्यात मोठ्या पाच येण्यांत कोणतं काम, सुरू झाल्याचा दाखला कधी मिळाला, दंड किती कापला, शेवटचा हप्ता कधी आला. कंपनी सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर 45 दिवसांवरच्या थकबाकीसाठी अशा उद्योगांच्या वसुलीच्या सरकारी परिषदेकडे अर्ज केलेत का, तेही विचारा. बहुतेक जण गिऱ्हाईक दुखावेल म्हणून करत नाहीत. ते कारण खरं आहे, पण मग ते त्यांनी तोंडाने सांगावं.

धरमपेठ_डीमॅट

ई-मतदान आहे, नोटीस तपासली. मूल्यांककाच्या अहवालाची लिंक दिलीय पण ती उघडत नाही. प्रश्न ईमेलने सात दिवस आधी मागितलेत. येण्यांचा तक्ता विरुद्ध राखीव रक्कम, पाच मोठी खाती, भावाच्या फर्मचा एओसी-2, वॉरंटऐवजी पूर्ण भरणा, असे चार पाठवतोय. वॉरंटला विरोधी मत.

सीएस_रामदासपेठ

लिंक उघडत नाही त्याचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या, आजच कंपनी सचिवांना ईमेल करा आणि प्रत एक्स्चेंजला टाका. प्रश्नांत फोलिओऐवजी डीपी आयडी आणि क्लायंट आयडी लिहा, नाहीतर 'सभासद असल्याची खात्री झाली नाही' म्हणून बाजूला ठेवतात. सभेनंतर कलम 119 खाली इतिवृत्ताची प्रत मागा. सात कामाच्या दिवसांत द्यावी लागते, शुल्क पानाला फार तर 10 रुपये. तुमचा प्रश्न त्यात कसा नोंदवलाय ते वाचूनच स्कोअर्सकडे जा.